दोन ते चार

खडकीच्या कॅन्टीनमधून महिन्याला किती बाटल्या मिळतात
हे मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं,
हिशेब चोख असावा म्हणून.
बाकीच्या कुठून यायच्या
ते सुलभानं सांगितलं.

तीन वर्षं मी दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घातले.
एक म्हणाली, आधी दारू सोडा,
मग तुमच्या त्या रात्रीचं बघू.
दुसरी म्हणाली, आधी रात्रीचं बघू,
पण पिऊन येऊ नका.
दारू सोडली की रात्र यायची,
रात्र आली की दारू लागायची.
पेन्शनचा कागद असता तर
एखाद्या क्लार्कनं तरी दोन्ही टाचून दिले असते.

वानवडीच्या या ओकबाईंकडे एकच खोली,
एकच वही.
डाव्या पानावर किती प्यालो,
उजव्या पानावर काय दिसलं.
दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.
हवालदार, तारखा बघा.
लग्नाच्या पत्रिका जुळाव्यात
तशा जुळत होत्या.

मग म्हणाल्या, डोळे मिटा आणि सांगा.
मी सुरू केलं : आम्ही चौकीवर होतो.
होतो नको, म्हणाल्या. आहोत म्हणा.

आहोत.
बर्फ आहे. स्टोव्हचा काळा धूर आहे.
बाळू खुटवड आहे.

एकवीस वर्षांनी मी बाळूपुढे ‘आहे’ लावलं
आणि माझी बोटं बधिर झाली,
वानवडीत, मे महिन्यात.

बाळू माळकरी. घेत नाही.
त्याच्या वाट्याची रम दर वेळी माझ्या मगात.
त्या रात्री मला ताप आहे.
तो म्हणतो, माझी पण घे आणि पड गुमान,
तुझा दोन ते चारचा पहारा मी देतो.
मी घेतो.
मी झोपतो.
तीन वाजून दहा मिनिटांनी

इथे मी थांबलो.
बाईंनी पंखा बंद केला, घाई केली नाही.
पुढचं त्या दिवशी सांगितलं नाही.
सांगितलं ते पाचव्या वेळी,
आणि तेव्हा त्यांना एवढंच विचारावंसं वाटलं
की मगात किती होती.
दोन वाटे, म्हणालो. त्याचा आणि माझा.
तेव्हापासून मी त्याचाच वाटा पितोय,
हे माझ्या तोंडून निघालं
आणि मीच ऐकत बसलो.

घरचा अभ्यास : मोबाईलमध्ये भरलेला माझाच आवाज
रोज ऐकायचा, कोरड्या तोंडानं.
सुलभा दाराबाहेर लसूण सोलत बसायची.
इतका लसूण आमच्याकडे कधीच लागला नाही.
दारूगोळा फॅक्टरीकडून धडाका आला
की मी अजूनही मोरीत शिरतो,
पण आता बाहेर येताना
हातपाय धुतल्याचं नाटक करत नाही.

चौदाव्या दिवशी प्यालो. खोटं कशाला.
वाटलं आता पहिली खिडकी, पुन्हा रांग.
बाईंनी डाव्या पानावर आकडा लिहिला
आणि विचारलं, उजवीकडे काय लिहू?

आज एकेचाळीस.
झोप दोनला मोडते, घड्याळ लावल्यासारखी.
बाईंना म्हटलं, ही वेळ काही जाणार नाही.
त्या म्हणाल्या, पहारा चारला बदलतो ना?
मग चारला सोडा.

मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो.
समोर मेथडिस्ट चर्चमागचा रस्ता, दोन कुत्री,
कुणाची तरी राहिलेली चादर दोरीवर.
बाळू, माझा पहारा मीच देतोय, तू पड गुमान.
चार वाजता उठतो.
परवा पाच झाले.
काल सुलभा पावणेचारलाच चहा घेऊन आली
आणि म्हणाली, सरका,
पंधरा मिनिटं मी बघते.